पहिला धरायचा नाही

आमच्या घरात आजारी पडायला परवानगी लागायची. ती बाबा द्यायचे नाहीत, आईही द्यायची नाही. ती द्यायचा थर्मामीटर. पोट दुखतंय, डोकं ठणकतंय, घसा धरलाय, काहीही सांगितलं तरी बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारायचे, "आकडा किती?" आकडा नसेल तर दप्तर उचलायचं आणि शाळेत जायचं.

त्यातही एक मेख होती. पहिला आकडा धरला जायचा नाही. थर्मामीटर तोंडातून काढला की आई तो खिडकीपाशी उजेडात तिरका धरून वाचायची आणि लगेच मनगटाला असा झटका द्यायची की पारा एका दमात तळाला जायचा. मला आणि धाकट्या भावाला तो झटका कधी जमला नाही, आम्ही आपले पाणी शिंपडल्यासारखे हात हलवत बसायचो. मग आई आम्हाला पलंगावर गप्प पडायला लावायची आणि थोड्या वेळानं पुन्हा थर्मामीटर लावायची. दुसरा आणि तिसरा, त्या दोघांवर निकाल. पहिला म्हणजे धावत आल्याचा, रडल्याचा, गरम दूध प्यायल्याचा, किंवा शाळा बुडेल या आशेचा. "पहिला धरायचा नाही" हे आमच्याकडे इतक्यांदा म्हटलं जायचं, की भाऊ एकदाच काय तो वर्गात पहिला आला तेव्हा प्रगतिपुस्तक पुढे करून बाबांना म्हणाला, "हा तरी धरा."

ही शिस्त बाबांनी कामावरून घरी आणली होती. ते तापाचं काम करायचे. मैत्रिणींना वाटायचं माझे बाबा डॉक्टर आहेत. मी तसंच वाटू द्यायचे, कारण खरं सांगणं अवघड होतं. बाबा प्राण्यांना ताप आणायचे. ताप उतरवणारं नवं औषध माणसाला देण्याआधी कुणाला तरी ताप यावा लागतो, आणि तो केव्हा चढला, किती चढला, औषधानं किती उतरला हे नेमकं सांगता यावं लागतं. पण ससा असो की पांढरा उंदीर, त्याला पिंजऱ्यातून काढून पेटीत बसवलं, मागून मोजायची तार लावली, की तो घाबरतो. घाबरला की अंग तापतं. तो ताप नव्हे, ती भीती. म्हणून प्रयोगशाळेत पहिला आकडा टाकून द्यायचा, जनावराला निवांत होऊ द्यायचं आणि मग पुढचे धरायचे. तिथे हा नियम बाबांनीच घालून दिला होता. घरी तो आईनं चालवला, आणि बाबांपेक्षा कडक चालवला. ती शाळेत गणित शिकवायची. एकदा पटलेली रीत मोडणं तिच्या स्वभावात नाही.

बाबा निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मी त्याच प्रयोगशाळेत लागले. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, त्यामुळे कामावरून येताना रोज आई-बाबांकडे डोकावून पुढे जायचं असा रिवाज पडला. बाबा दाराशीच विचारायचे, "आकडे काय म्हणतात?" तब्येतीची चौकशी नाही, 'बस मिळाली का' नाही, 'जेवलीस का' नाही. मी कधी कधी वैतागून म्हणायचे, आकडे बरे आहेत, मी मात्र दमलेय. त्यावर ते हसून आईला चहा टाकायला सांगायचे आणि पुन्हा आकड्यांवरच यायचे.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे तुलनेचं काम आलं. एक नवं औषध येऊ घातलं होतं, आणि ते कुठल्या जनावराच्या तापावर तपासावं हे आम्ही ठरवून द्यायचं होतं. सशाला जिवाणूंच्या कवचाचा अर्क कानाच्या शिरेतून दिला की ताप चटकन चढतो, मध्येच जरा उतरल्यासारखं करतो आणि पुन्हा चढतो. आलेख मोठा देखणा येतो. पण तोच ससा सारखा सारखा वापरला तर त्याचं शरीर त्या अर्काला सरावतं आणि औषध न देताच ताप येईनासा होतो, मग शहाणीसुरती माणसं औषधाचं कौतुक करत बसतात. उंदराचं तसं नाही. मानेमागे कातडीखाली यीस्टचं पाणी टोचायचं आणि घरी जायचं. ताप सावकाश चढतो, सकाळी आपण येईपर्यंत तयार असतो आणि दिवसभर टिकतो. काम सोपं उंदराचं, पण बाबांचा जीव सशांवर. ससा खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, उंदीरही बोलत नाही, तुम्ही त्याला विचारत नाही एवढंच.

या दोघांत मी एक तिसरा गट घुसवला, म्हाताऱ्या उंदरांचा. माझं म्हणणं साधं होतं. हे औषध घेणार कोण? निम्मी तर म्हातारी माणसं. आणि आपण तपासतोय ऐन उमेदीतल्या उंदरांवर.

आमच्याकडे आकडेवारी बघणारी एक बाई आहे. तिला सगळे 'सरासरी' म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडतं. सरासरीनं कपाळाला हात लावला. म्हाताऱ्या उंदरांनी तिच्या तक्त्याची पार वाट लावली होती. यीस्ट टोचून दुसऱ्या सकाळी बघावं तर ते पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसलेले, केस पिंजारलेले, दाण्याला तोंड लावलेलं नाही, आणि अंगात ताप म्हणून नाही. पहिला आकडा जरासा चढलेला असायचा, पण तो नियमाप्रमाणे जायचा. पुढचे सगळे नेहमीचे, काही तर नेहमीपेक्षाही खाली. दोघे-तिघे तसेच बसल्या बसल्या मेले. सरासरी म्हणाली, "ताप न येणाऱ्यांवर तापाचं औषध तपासायचं म्हणजे दाढी नसलेल्याला वस्तरा कसा वाटला ते विचारायचं."

बाबा तिच्याच बाजूचे निघाले. "म्हातारे काढून टाक," ते म्हणाले. "मॉडेल म्हणून निकामी आहेत. ताप आणायलाही ताकद लागते, बाई." मग आईकडे डोळे मिचकावून म्हणाले, "आता आम्हाला काय ताप येणार, आम्हीच दुसऱ्याला ताप." आईनं त्यांना टाळीही दिली नाही आणि ओरडलीही नाही, फक्त चहाचा कप त्यांच्या हातातून काढून घेतला, कारण तो सांडत होता. त्या आठवड्यात त्यांचा हात जरा कापायला लागला होता, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

मी म्हातारे काढले नाहीत. मला हट्टी म्हणतात ते काही उगीच नाही. उलट त्यातल्या काहींच्या, आणि ताडून बघायला काही तरण्यांच्याही, पोटात मी मोजणारी कुपी बसवून घेतली. वाटाण्याहून थोडी मोठी असते. पिंजऱ्याला कुणी हात न लावता ती आपली आत बसून तापमान संगणकावर पाठवत राहते. तिचे आलेख काम संपल्यावर एकदम निघायचे होते.

त्यानंतरची एक संध्याकाळ. मी दार उघडून आत गेले तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते, पायात बूट तसेच. भाजीची पिशवी शेजारी जमिनीवर. त्यांनी मला आकडे विचारले नाहीत. काय होतंय विचारलं तर म्हणाले, कसंनुसं होतंय, जिने चढताना दम लागला, बाकी काही नाही. आई आतून थर्मामीटर घेऊन आलीच होती. बाबांनी शहाण्या मुलासारखं तोंड उघडलं. आम्हाला ज्या रांगेत त्यांनी उभं केलं होतं तिथे ते स्वतःही बिनतक्रार उभे राहायचे, एवढं मात्र मान्य करायला हवं.

बाहेर अजून उजेड होता. आईनं थर्मामीटर खिडकीपाशी नेला, तिरका केला, आणि मी तिच्या खांद्यावरून वाचला. सदतीस पॉइंट चार.

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवून येऊ. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घराचं नाव बुडवलं. "पहिला आहे," आई म्हणाली. "आत्ता जिने चढून आलेत." आणि तिनं झटकला. नेहमीचा तो एकच झटका. बाबांनी मान डोलावली.

त्यांचे बूट काढले, त्यांना पडायला लावलं. दुसरा आकडा छत्तीस पॉइंट आठ. तिसरा त्याहून कमी. थर्मामीटर तोंडात असताना त्यांचे ओठ नीट मिटत नव्हते, मधूनमधून ते तोंडानं श्वास घेत होते. मला ते दिसत होतं, आणि तोंडात हवा गेली की पारा कमी चढतो हे ठाऊकही होतं, पण त्या क्षणी मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आई म्हणाली, "झालं. ताप नाही." माझा जीव भांड्यात पडला. मी चहा घेतला, धाकट्याचा फोन आला होता त्याच्याशी सगळे थोडं थोडं बोललो, आणि मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुप्यांचे आलेख निघाले. मी आणि सरासरी एकाच पडद्यासमोर बसलो होतो. तरण्या उंदरांचे आलेख हवे तसे होते, डोंगर चढून वर पठार. म्हाताऱ्यांचे बघायला सरासरी तयारच नव्हती, ती डबा उघडून बसली होती. मी उघडले. पहिल्यात एक छोटासा उंचवटा. मला वाटलं, पिंजरा उघडला असेल, भीती असेल. मग वेळ बघितली, पहाटेची. त्या वेळी प्राण्यांच्या खोलीला कुलूप होतं. आत कुणी गेलंच नव्हतं. दुसरा आलेख उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांत तोच उंचवटा, बेताचा, थोडा वेळ टिकणारा, आणि मग उतार. हाताने मोजलेल्या म्हाताऱ्यांचा पहिला आकडा मी शेजारी ठेवला. तो त्याच उंचवट्याच्या शेवटाला, उतार सुरू व्हायच्या जागी बसत होता. आम्ही ज्याला भीती म्हणून टाकून देत होतो तो ताप होता. म्हाताऱ्या शरीराला जेवढा आणता आला तेवढा त्यानं आणला होता, आणि पुढे उतरत गेलेले आकडे बरं वाटण्याचे नव्हते. शरीर हरत चाललं होतं.

सरासरीनं विचारलं, काय झालं, तोंड का असं पडलं. मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. बाबांचं एरवीचं तापमान मला ठाऊक होतं, आमच्या घरात ते सगळ्यांचं सगळ्यांना ठाऊक असतं. धडधाकट असताना ते छत्तीसच्या जेमतेम वर असायचे. त्यांच्यासाठी सदतीस पॉइंट चार म्हणजे काय, हे शाळेतल्या पोरालाही वजाबाकी करून सांगता आलं असतं. मी पर्स उचलली आणि निघाले. फोन करायचं सुचलंच नाही, धावत सुटले.

दार आईनं उघडलं. चेहरा उजळलेला. "अगं, एवढी धापा काय टाकतेस? आता तर आणखी उतरलाय. पस्तीस पॉइंट नऊ." तिच्या हातात थर्मामीटर होता.

बाबा खुर्चीत होते. मान एका बाजूला. नखं निळसर दिसत होती. मी त्यांच्यापुढे बसले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मला "ताई" म्हणाले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, ती जाऊन कैक वर्षं झाली. आई हसून म्हणाली, सकाळपासून असंच चाललंय, झोपेत आहेत. तिच्या हसण्यावर मी ओरडले नाही, हे माझ्या आयुष्यातलं एकमेव शहाणपण असावं.

रुग्णालयात त्यांना सरळ आत नेलं. दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया, आणि संसर्ग रक्तात गेलेला. तरुण डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, ताप कधीपासून आहे. आई ताठ बसून म्हणाली, "ताप आलाच नाही हो. आम्ही तीनदा बघितला." तिच्या आवाजात एक प्रकारची खात्री होती, पाठ असलेला पाढा म्हणताना असते तशी. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं. मी माझ्या पायांकडे बघत उभी राहिले.

औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बाबा थोडे शुद्धीवर आले. आई तोंड धुवायला बाहेर गेली होती. त्यांच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मास्क जरा बाजूला सारून विचारलं, "म्हाताऱ्यांचं काय झालं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, उंदरांबद्दल विचारतायत. दारातून आत येताना रोज विचारायचे तसं. मी विचार करायला हवा होता, पण मी आयुष्यभर या माणसाला खरे आकडे सांगत आले होते, तशीच बोलून गेले. म्हटलं, कुप्यांमध्ये उंचवटा दिसला. छोटा आहे, पण सगळ्यांत आहे. खोलीत कुणी नसताना आलाय.

ते डोळे मिटून पडून राहिले. माझ्या मनात आलं, झोपले. मग त्यांनी विचारलं, "पहिला?"

मी मान डोलावली.

त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. आधी आनंद होता, शपथेवर सांगते, कामाचा आनंद, नियम चुकीचा निघाला तरी उत्तर सापडल्याचा. आणि लगेच दुसरं काहीतरी. त्यांची नजर दाराकडे गेली, आई जिथून बाहेर गेली होती तिकडे.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "झटकला तिनं. नियम माझा होता."

मी हो म्हटलं. आई आली, तिनं त्यांचा मास्क नीट बसवला, बोलू नका म्हणून दटावलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. दोनेक दिवसांनी सकाळी, आम्ही दोघी शेजारी बसलेल्या असताना, गेले.

लोक आले, गेले. भाऊ आला, राहिला, परत गेला. जाताना त्यानं दारातच मला विचारलं, वेळेवर नेलं असतं तर? मी म्हटलं, वय झालं होतं रे. त्याला पटलं की नाही कोण जाणे. घर रिकामं झालं तशी आई एका दुपारी कपाट आवरता आवरता माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "एक बरं, ताप नव्हता त्यांना. असता आणि माझ्या लक्षात आला नसता, तर मी जन्मात मला माफ केलं नसतं. नव्हता ना गं?"

"नव्हता," मी म्हटलं.

मग आई बाबांच्या जागी बसायला लागली. शब्दशः. त्याच खुर्चीत, त्याच वेळी, आणि मी दारातून आत आले की तिनंच विचारायचं, "आकडे काय म्हणतात?" तिला त्यातलं फार कळत नव्हतं आणि तिला फार रसही नव्हता. पण घरात तो प्रश्न ऐकू यायला हवा, असं तिला वाटत असावं. तो प्रश्न ऐकला की मी खोटं बोलायचे. म्हाताऱ्या उंदरांचं काय झालं असं तिनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, काढून टाकले, बाबा म्हणायचे तसे. ती समाधानानं म्हणाली, "बघ. ऐकलं असतंस तर तेव्हाच वेळ वाचला असता."

प्रत्यक्षात अहवालात मी पानभर म्हाताऱ्यांवरच लिहिलं होतं. तरण्या उंदराचा ताप औषध तपासायला उत्तम, सशाचा नाजूक मोजमापाला उत्तम, आणि म्हाताऱ्या जनावराचा ताप छोटा, थोडक्यात संपणारा आणि नेमका पहिल्या आकड्यात सापडणारा, म्हणून वय झालेल्या जनावरांत पहिला आकडा टाकू नये, त्याच्या एरवीच्या तापमानाशी ताडून बघावा. सरासरीनं पुन्हा पुन्हा हिशेब तपासला आणि सही केली. बाबांनी घालून दिलेला नियम मी बाबांच्याच प्रयोगशाळेत मोडला. ते असते तर भांडले असते आणि मग रात्रभर खूश राहिले असते. हे सगळं मी घरी कुणाला सांगू शकत नव्हते. आईला सांगायचं म्हणजे तिच्या हातात तो थर्मामीटर पुन्हा द्यायचा.

हिवाळा सरता सरता आई खोकायला लागली. दोन दिवस मी बघत होते. ती म्हणाली, धूळ आहे, कपाटं आवरली ना. तिसऱ्या दिवशी मी गेले तर ती खुर्चीत बसली होती आणि तिनं आकडे विचारले नाहीत.

मी आत गेले, खणातून डबी काढली आणि आतला थर्मामीटर आईच्या जिभेखाली ठेवला. ओठ मीट, म्हटलं. तिनं मिटले. खिडकीपाशी नेऊन मी तो तिरका केला. सदतीस पॉइंट तीन. आई बाबांहूनही थंड अंगाची.

"किती?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"पहिला आहे," आई म्हणाली. "झटक."

माझ्या हातात थर्मामीटर होता. झटकला असता तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तिला पडायला लावलं असतं, दुसरा घेतला असता, तिसरा घेतला असता, आणि दोन्ही उतरलेले निघाले असते हे मला पारा न बघता माहीत होतं. मी काहीतरी थाप मारू शकले असते, थर्मामीटर बिघडलाय, डॉक्टरांकडे माझंच काम आहे, तूही चल. मी थापा शोधत होते आणि एकही पुढे येत नव्हती. इतके दिवस इतकं खोटं बोलले होते, नेमकं तेव्हा तोंडात काही उरलं नव्हतं.

"चल, आई," मी म्हटलं. "रुग्णालयात जाऊन येऊ."

"अगं, पहिला आहे."

"हो."

"मग झटक ना."

मी तो डबीत ठेवला. पारा होता तिथेच. आईनं ते बघितलं. माझ्या जन्मापासून त्या घरात पहिला आकडा न झटकता डबीत गेला नव्हता. ती माझ्या हाताकडे बघत राहिली, मग माझ्या तोंडाकडे. शाळेत फळ्यासमोर उभी राहून एखादं उदाहरण सोडवताना ती बघायची तशी, एक पायरी झाली की पुढची. मला तिला थांबवायचं होतं. पण गणित सोडवताना आईला कधीच कुणी थांबवू शकलं नाही.

"सदतीस पॉइंट चार," ती म्हणाली. "त्यांचा पहिला."

मी तिला काही विचारलं नव्हतं. मी जमिनीकडे बघितलं, आणि तेच तिला उत्तर मिळालं.

बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, तिचा स्टँड दोनदा खाली पडल्याचा आवाज आला. आई आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "त्यांना कळलं होतं?"

"हो," मी म्हटलं. "तेच म्हणाले, तिला सांगू नकोस."

तिनं मान हलवली. रडली नाही. खोकल्याची उबळ आली तेव्हा तिनं उजवा हात तोंडाशी नेला नाही, डावा नेला. मी तिची शाल आणली, खाली बसून तिच्या पायात चपला घातल्या आणि तिला उठवलं. दारापाशी आल्यावर ती थांबली, मागे वळून खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाली, "डबी घे बरोबर. डॉक्टरांना दाखवू."